श्वास घ्या, श्वास सोडा... पण कुठल्या भाषेत?

पुण्यात गेल्या काही वर्षांत एक गंमत झाली आहे. परदेशी माणूस म्हटला की पूर्वी तो कोरेगाव पार्कात नाहीतर मॉडेल कॉलनीत अय्यंगारांच्या संस्थेच्या आसपास दिसायचा. आता तो चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या हापिसात नोकरीला असतो, आपल्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो, आणि एके दिवशी सकाळी साडेसहाला मॅट काखोटीला मारून सोसायटीच्या हॉलमधल्या योगाच्या क्लासला हजर होतो. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांत योगदिनाचा ठराव आला तेव्हा १७७ देश सहप्रस्तावक होते म्हणे. त्या १७७ पैकी एखादा आपल्या हॉलच्या दारात चपला काढताना दिसला की मात्र सगळ्यांची तारांबळ उडते. क्लास आता कुठल्या भाषेत घ्यायचा?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. क्लास मराठीतच घ्यावा. आणि परदेशी माणसाची नीट सोयही करावी. या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कसं ते सांगतो.

आधी माझी पात्रता. मी योगशिक्षक वगैरे काही नाही. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसून कोड लिहिणारा माणूस. कंबर बोलायला लागली तेव्हा आईने अक्षरशः ढकलून या क्लासला पाठवलं. आमच्या मॅडम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज असा की हॉलच्या शेवटच्या कोपऱ्यातला माणूससुद्धा ताठ बसेल. क्लासला वीसेक जण, त्यात निम्म्याहून जास्त काकू आणि आज्या. मी धरून 'तरुण' असे तिघे. आणि गेल्या दोन वर्षांत दोन परदेशी: माझ्याच टीममधली एक जर्मन मुलगी आणि एक पन्नाशीचे जपानी गृहस्थ.

जर्मन मुलगी आली तेव्हा क्लासने जे केलं ते आपण सगळेच करतो. आतिथ्य! मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून क्लास इंग्रजीत सुरू केला. कोणी सांगितलं नव्हतं, तिने तर मागितलंच नव्हतं. पण घरी पाहुणा आला की आपण बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यालाही साखर घालतो, तसं झालं.

आता मॅडमचं इंग्रजी काही वाईट नाही. पण त्या महिनाभरात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माणूस आपल्याला कमी येणाऱ्या भाषेत बोलायला लागला की आज्ञा शिल्लक राहतात आणि सवलती गळून पडतात. 'बेंड युवर नी', 'लिफ्ट द लेग', 'होल्ड' एवढं बरोबर येतं. पण मराठीत त्याच मॅडम काय म्हणायच्या? "ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी खुर्ची घ्या." "मान अवघडली असेल तर वर बघू नका, समोर बघा." "काल रात्री झोप झाली नसेल त्यांनी आज नुसतं बसा, काही बिघडत नाही." आणि दर दोन मिनिटांनी, "जमेल तेवढंच हं!" यातलं एकही वाक्य इंग्रजीत आलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर मुख्य फंक्शन तेवढं पोर्ट झालं आणि एक्सेप्शन हँडलिंग सगळं मागे राहिलं. असा कोड प्रॉडक्शनला गेला की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

झालंही तसंच. पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक आजी होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. इंग्रजी बॅच सुरू झाल्यावर त्या शेजारणीकडे बघून बघून करायच्या. दोन आठवड्यांनी यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, तक्रार नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अरे, मला कळतच नाही आता कधी थांबायचं ते." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. एका पाहुणीच्या सोयीसाठी ज्यांना या क्लासची सगळ्यात जास्त गरज होती त्याच माणसाला आपण बाहेर काढलं. आणि पाहुणीला त्या तुटक इंग्रजीतून मिळालं काय? तर त्याच चार आज्ञा. सवलती तिलाही नाहीतच.

आता दुखण्याचे शब्द घ्या. योगाच्या क्लासमध्ये सगळ्यात महत्त्वाचा संवाद आसनाच्या नावाचा नसतो, दुखण्याचा असतो. मराठीत आपल्याकडे त्यासाठी केवढी सोय आहे बघा. ताण बसतो, कळ येते, चमक भरते, ठणका लागतो, मुंग्या येतात, गोळा येतो, लचक भरते, अवघडतं, भरून येतं, रग लागते. मांडीला रग लागली म्हटलं की मॅडम म्हणतात, लागू दे, अजून पाच आकडे थांब. गुडघ्यात कळ आली म्हटलं की लगेच, "सोड, सोड, बाहेर ये!" मुंग्या आल्या तर पाय सरळ करायला लावतात. कमरेतून पायात चमक गेली म्हटलं की आसन बंदच, आधी डॉक्टर. आमच्या जर्मन मुलीकडे या सगळ्याला एकच शब्द होता, 'पेन'. तिच्या भाषेत तिच्याकडेही दहा शब्द असतीलच. पण तिचं इंग्रजी परकं, मॅडमचं इंग्रजी परकं, आणि मधे उरला हा एकच शब्द. त्यावरून रग की कळ कसं ओळखणार? चूक झाली तर गुडघा जायचा.

तुम्ही म्हणाल, मग परदेशी लोकांनी जावं की ऋषिकेशला नाहीतर मैसूरला, तिथे सगळं इंग्रजीत असतं. भारताच्या ई-व्हिसावर थोड्या दिवसांच्या योगवर्गासाठी रीतसर येताही येतं. बरोबर आहे. पण जो इथे दोन वर्षं नोकरीला आलाय, ज्याला सकाळी साडेआठची बस पकडायची आहे, त्याने रोज मैसूरला जायचं का? त्याला घराखालचाच क्लास हवा असतो. शिवाय चार शेजाऱ्यांची ओळख हाही त्यातला एक भाग असतोच.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद म्हणजे, 'आसनांची नावं संस्कृत आहेत, ती तर जगभर सारखीच'. अर्धं खरं आहे. आमच्या जर्मन मुलीला 'उत्थित', 'परिवृत्त', 'सुप्त', 'ऊर्ध्व' हे सगळे उपसर्ग पाठ होते. आमच्या काकूंना नव्हते! मैसूरला पट्टाभी जोईस यांच्या अष्टांग पद्धतीत तर 'एकम्, द्वे, त्रीणि' अशी संस्कृत मोजणीच चालते आणि त्या आकड्यांवर वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं एकाच वेळी हलतात. प्रोटोकॉल म्हणतात तो असा. पण नावांच्या बाबतीत या प्रोटोकॉलच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत. सूर्यनमस्कारातली जी स्थिती आमच्या मॅडम 'पर्वतासन' म्हणून सांगतात तिला ती मुलगी 'अधोमुख श्वानासन' म्हणते. आणि अय्यंगारांच्या पुस्तकात पर्वतासन शोधाल तर पद्मासनात बसून हात वर केलेला माणूस दिसेल. थोडक्यात, मॅडम म्हणाल्या पर्वतासन आणि पोरगी मांडी घालून खाली बसली. सगळा हॉल हसला, ती पण हसली. पण मुद्दा कळला ना? नाव हे फक्त फाइलचं नाव. आत काय आहे ते कोणीतरी सांगावंच लागतं.

अय्यंगारांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुणेकर ती विसरतात. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. कर्नाटकातला मुलगा, मराठीचा गंध नाही, इंग्रजी जेमतेम. म्हणजे ज्या माणसामुळे पुण्याचं नाव योगाच्या नकाशावर गेलं तो स्वतःच इथे भाषा न येणारा परका होता! पुढे १९५२ मध्ये मुंबईत यहुदी मेन्यूहिन या व्हायोलिनवादकाशी त्यांची गाठ पडली, मग युरोपात शिकवणं सुरू झालं, १९६६ साली 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक आलं. त्यांच्या पद्धतीतल्या विटा, पट्टे, दोर, खुर्च्या बघताना मला नेहमी वाटतं की हे भाषेच्या अडचणीवरचं पण उत्तर आहे. हाताखाली लाकडाची वीट ठेवली की 'इथपर्यंतच वाक' हे वेगळं सांगायला नको. ती विटेला कुठल्याही भाषेत कळते... म्हणजे विटेमुळे आपल्याला कळते :)

पण विटेलाही मर्यादा आहेत. पुढे वाकलेल्या माणसाला स्वतःच्या नडग्यांशिवाय काही दिसत नाही. त्या क्षणी शिक्षिकेने कितीही सुंदर करून दाखवलं तरी उपयोग शून्य, तिथे कानच लागतो. शवासनात तर डोळेच मिटलेले.

हे मी स्वतः भोगलंय. मी सहा महिने ऑनसाइट होतो, जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. तिथे गावोगावी फोल्क्सहोखशूले नावाची प्रौढांसाठीची शाळा असते. भाषा, शिवणकाम, स्वयंपाक, योग, काय वाटेल ते शिकवतात. मी योगाला नाव घातलं. भारतातला माणूस योग शिकायला आलाय म्हटल्यावर वर्गातल्या बायकांच्या नजरेत जो आदर होता तो पहिल्या पाच मिनिटांत, माझी बोटं पायाच्या अंगठ्यापासून वीतभर लांब राहिलेली बघून, संपला. क्लास संपूर्ण जर्मनमध्ये. 'आसना'चं तिकडे 'आझाना' होतं, त्यामुळे मला आपले शब्दसुद्धा ओळखू येईनात. 'आइनआटमेन', 'आउसआटमेन' म्हणजे श्वास घ्या, सोडा. नंतर वाचलं की हा 'आटमेन' आणि आपला 'आत्मन्' एकाच मूळ कुळातले शब्द आहेत. वाचून छान वाटलं, पण त्या वेळी काही उपयोग झाला नाही. शवासनात ती बाई दहा मिनिटं मऊ आवाजात काहीतरी सांगत होती आणि मी एक डोळा किलकिला करून बाकीचे उठले का ते बघत होतो. विश्रांती कसली, तो मॉनिटरिंगचा जॉब होता.

तरीही तो क्लास मला जमला. का, ते महत्त्वाचं आहे. त्या बाईने माझ्यासाठी क्लासची भाषा बदलली नाही. पण पहिल्या दिवशी क्लासच्या आधी दहा मिनिटं तिने मला बाजूला घेऊन इंग्रजीत विचारलं: कुठे दुखतं, कुठलं ऑपरेशन, रक्तदाब, हात लावून दुरुस्त केलेलं चालेल का. मग मला मधल्या रांगेत उभं केलं, चारही बाजूंना जुनी माणसं. सांगितलं की त्रास झाला तर तळहात वर कर, मी येते. बस. बाकी सगळं जर्मन. सहा महिन्यांत मला डावं-उजवं, टाच, गुडघा, खांदा, सावकाश, अजून, पुरे हे शब्द आले, आणि ते मी कुठल्याही ॲपवर शिकलो नव्हतो.

माझं म्हणणं इतकंच आहे: क्लासचं भाषांतर करू नका. क्लासच्या आधीच्या दहा मिनिटांचं करा.

आमच्या क्लासला आम्ही (म्हणजे मी आणि जर्मन मुलगी, मॅडमच्या संमतीने) जे सुरू केलं ते असं:

१. पहिल्या दिवशी इंग्रजी येणारा कोणीतरी सोबत बसून विचारपूस करतो. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचं दुखणं, शस्त्रक्रिया, गर्भारपण. शीर्षासनात डोळ्यातला दाब चांगलाच वाढतो, काचबिंदूवाल्याने त्या वाटेला जाऊच नये. हे एक वाक्य हावभावांनी सांगून दाखवा बघू! ते त्याला कळेल अशाच भाषेत सांगायला हवं.

२. चाळीस शब्दांचा एक कागद. घ्या, सोडा, थांबा, वळा, सावकाश, उजवा, डावा, टाच, चवडा, पोटरी, खुबा, हनुवटी. शेजारी रोमन लिपीत उच्चार आणि चित्र. 'सोडा' या शब्दापुढे खास टीप, कारण श्वासही सोडायचा, पायही सोडायचा, आणि पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं की मॅडम दर मिनिटाला सोडा वॉटर मागताहेत. दुखण्याचे शब्द वेगळ्या चौकटीत.

३. नवा माणूस मधल्या रांगेत. लाजून शेवटच्या रांगेत गेला की मान वळवल्यावर त्याला भिंत दिसते.

४. एक शब्द पक्का: 'बास'. कुणालाही उच्चारता येतो. तो ऐकला की मॅडम थांबतात.

५. हात लावायच्या आधी विचारायचं. दर वेळी.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. भाषा येत नसली की शिक्षक हाताने दुरुस्ती करतो, ते साहजिकही आहे. पण २०१७ नंतर काही मोठ्या नावाच्या गुरूंच्या शिष्यांनी याच 'दुरुस्ती'बद्दल जे सांगितलं, ते वाचलेल्या माणसाला हा विषय हलका वाटणार नाही. ज्याला 'नको' म्हणायला शब्द नाही त्याच्या अंगाला हात लावताना जास्त जपायला हवं. परदेशातल्या काही वर्गांत मॅटच्या कडेला एक चकती ठेवतात, एक बाजू वर असली तर हात लावलेला चालेल, दुसरी असली तर नाही. साधी, स्वस्त सोय. आपल्याकडच्या काकूंनाही हवीच असेल, त्यांना कोणी विचारलं नाही एवढंच.

आणि 'कळलं का?' या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. जपानी गृहस्थ प्रत्येक सूचनेला 'हाय' म्हणून मान तुकवायचे. मॅडम खूश. नंतर समजलं की त्या 'हाय'चा अर्थ बरेचदा 'ऐकतोय' एवढाच असतो. नेटवर्कवाल्यांना हे लगेच कळेल: टीसीपीचा ॲक आला म्हणजे पॅकेट पोचलं, समोरच्या प्रोग्रॅमने ते वाचलं असं नाही. कळलं का ते विचारू नका, करून दाखवायला सांगा.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्यांनाच मराठी शिकू दे. अहो, तेच तर होतंय! १९६० च्या दशकात जेम्स आशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भाषा शिकवण्याची एक पद्धत मांडली, 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स'. शिक्षक आज्ञा देतो, विद्यार्थी बोलत नाही, नुसती कृती करतो. उठ, बस, वळ, हात वर कर. लहान मूल भाषा शिकतं तसं. आता सांगा, सकाळी साडेसहाचा आपला क्लास याहून काय वेगळा आहे? आमची जर्मन मुलगी तीन महिन्यांत रिक्षावाल्याला "उजवीकडे वळा... सावकाश... थांबा" सांगायला लागली. एकदा "कमरेतून वळा" म्हणाली, तो भाग वेगळा. क्लास इंग्रजीत राहिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

हेच सगळं परदेशी नसलेल्यांनाही लागू आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बंगाली काकू आणि तमिळ आजोबा यांच्यासाठी कोणी कागद केला नव्हता, "त्यांना हिंदी कळतं" म्हणून सोडून दिलं होतं. आजोबांना हिंदी जेमतेमच कळत होतं. तोच कागद आता ते घेऊन जातात.

क्लास परत मराठीत सुरू झाल्यावर मी आजींना फोन केला. आल्या. मॅडमनी त्यांच्यासाठी खुर्ची आधीच मांडून ठेवली होती.

असो. तुमच्याही हॉलमध्ये उद्या कोणी चौथ्या मजल्यावरून मॅट घेऊन उतरला तर घाबरून इंग्रजीत शिरू नका. त्याला बाजूला घ्या, 'जमेल तेवढंच' आणि 'बास' या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शिरतील अशा भाषेत समजवा. बाकीचं मराठीत चालू द्या.